पोरांना गाडी कळत नाही, असं नाही

‘आजच्या पोरांना गाडी पळवता येते, कळत नाही’ असं लोक म्हणतात, ते मला अर्धंच पटतं.

माझी मोटरसायकल येझदी रोडकिंग, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, गाडी अजून रोज बाहेर निघते. किक आणि गिअर एकाच दांडीवर. गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना वडील बजावायचे, अॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण बंद ठेवू नको. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं. मूठ बंद झाली की पेट्रोल कमी जातं आणि इंजिनाला वंगण कमी पडतं. म्हणून मधूनमधून क्लच दाबून थोडी रेज द्यायची. आम्हाला तरी गाडी कुठे आपोआप कळली? कुणीतरी मागे बसून शिकवली.

गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे गाडी बंद पडली. ऑइल मीच जास्त घातलं होतं. गोव्याकडे निघालेली दोन पोरं नव्या गाड्या बाजूला लावून थांबली. एकाने मोबाईलचा उजेड धरला. पॉलिश पेपरने घासायला स्पार्क प्लग काढला, तर तो हातात घेऊन म्हणाला, “काका, हा एवढा काळा आणि ओला का?”

पाऊण तास भिजत उभा राहून त्याने सगळं विचारून घेतलं. शेवटची किक त्यालाच मारायला दिली.