घाट चढताना जुना पिकअप अधूनमधून बंद पडतो : फीड पंप बदलण्याआधी काय तपासावे?

निफाडचा वाहतूकदार :

नमस्कार. माझ्याकडे कॉमन रेल इंजिनाचा (सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, उच्च दाबाचे डिझेल देणाऱ्या इंजिनाचा) जुना डिझेल पिकअप आहे. वर्षभर भाजीपाला आणि हंगामात द्राक्षे भरून मी निफाडहून वाशीच्या बाजारात जातो. गेल्या काही महिन्यांपासून ही गाडी मध्येच बंद पडू लागली आहे. भरलेल्या गाडीने कसारा घाट उतरताना सहसा काही होत नाही; परतीच्या वाटेवर, दुपारच्या उन्हात घाट चढताना मात्र गाडी आधी दम टाकते, एक्सलेटर दाबूनही ओढत नाही आणि शेवटी इंजिन बंद होते. वीस-पंचवीस मिनिटे थांबले की पुन्हा एका सेल्फमध्ये चालू होते आणि घरापर्यंत विनातक्रार येते. एकदा आडगावजवळ सपाट रस्त्यावरही असेच झाले, म्हणून दोष केवळ चढाचा आहे असे म्हणता येत नाही.

गॅरेजमध्ये नेल्यावर गाडी अगदी व्यवस्थित चालते, त्यामुळे कोणालाच दोष दिसत नाही. टाकीतला, डिझेल इंजिनाकडे ढकलणारा, विजेवर चालणारा फीड पंप संपूर्ण बदलावा, असा एक सल्ला मिळाला आहे. तो पंप स्वस्त नाही, आणि तो बदलूनही गाडी घाटात थांबली तर दोन्हीकडून नुकसान. बंद पडलेल्या वेळी पंपाचा आवाज येतो का, हे मी ऐकण्याचा प्रयत्न केला. परंतु शेजारून जाणाऱ्या ट्रेलरच्या घरघरीत काही कळत नाही. पंपच दोषी आहे हे खात्रीने कसे ठरवावे?

ऑटो इलेक्ट्रिशियन, सातपूर :

दादा, पंप बदलण्याची घाई करू नका. जो दोष येतो आणि जातो, तो आलेला असतानाच पकडावा लागतो. गाडी थंड आणि सुरळीत चालू असताना केलेल्या तपासणीतून फार थोडे हाती लागते.

सर्वांत आधी आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवा. गाडी गिअरमध्ये असते आणि क्लच दाबलेला नसतो, तेव्हा चाके इंजिनाला फिरवतच असतात. अशा वेळी इंजिन मेले आणि गाडी अजून पुढे सरकत असतानाच काटा झटकन शून्यावर आला, तर क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे मोजणारा सेन्सर) किंवा ईसीएमचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, वीजपुरवठा तपासावा लागेल. गरम झाल्यावर दगा देणारा आणि थंड झाल्यावर पूर्ववत होणारा क्रँक सेन्सर हा नेहमीचा प्रकार आहे, आणि त्याचे खापर हमखास पंपावर फुटते. याउलट, ओढ आधी कमी होऊन काटा हळूहळू खाली येत असेल, तर डिझेल कमी पडत आहे असे समजावे. तुमच्या वर्णनावरून दुसरी शक्यता अधिक वाटते. स्कॅनर लावल्यावर पी ००८७ हा कोड, म्हणजे रेलमधला दाब कमी पडल्याची नोंद, दिसतो का तेही पाहून घ्या.

आता पंपाचे. टाकीजवळच्या कपलरमध्ये (तारांच्या जोडणीत) पंपाच्या प्लस आणि मायनसला समांतर दोन बारीक तारा जोडा, प्लसच्या तारेत कपलरजवळच १ अँपिअरचा फ्यूज घाला आणि त्या तारा केबिनमध्ये आणून डिजिटल व्होल्टमीटरला द्या. चार्जिंग नीट असेल तर चालू इंजिनावर बॅटरीत साधारण १३.५ ते १४.४ व्होल्ट असतात आणि पंपापर्यंत त्यातले जवळजवळ सगळे पोहोचले पाहिजेत. गाडी दम टाकू लागताच शेजारी बसलेल्या माणसाने आकडा पाहायचा. आकडा टिकून असेल आणि तरीही ओढ जात असेल, तर पंप, फिल्टर किंवा टाकीकडे पाहावे. आकडा आधी घसरत असेल, तर दोष रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा विद्युत स्विच), फ्यूजचा होल्डर, वायरिंग किंवा अर्थिंग यांपैकी कशात तरी आहे. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. इंजिन थांबल्यावर ईसीएम स्वतःच पंपाचा रिले सोडून देतो, त्यामुळे गाडी बंद पडल्यानंतर दिसणारा शून्याचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. महत्त्व आहे ते इंजिन मरण्याच्या आधीच्या काही क्षणांना.

तारेचा ओहम मोजून समाधान मानू नका. दहा धाग्यांपैकी एकच शाबूत असलेली तारही मीटरवर उत्तम दिसते, कारण मीटर तिच्यातून नगण्य करंट सोडतो. पंप चालू असताना बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत आणि बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या मायनसपर्यंत असा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत कमी होणारे व्होल्ट, वेगवेगळा मोजा. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टहून अधिक आणि मायनसच्या बाजूला ०.२ व्होल्टहून अधिक पडत असेल, तर तो सांधा शोधून काढलाच पाहिजे.

डिझेल मिस्त्री, अंबड :

वरील सल्ला योग्य आहे. त्याला टाकीच्या बाजूची जोड देतो. परतीच्या वाटेवरच गाडी थांबते, याचा अर्थ तेव्हा टाकीत डिझेल कमी असते. पंप डिझेलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच डिझेलने थंड राहतो. पातळी खाली गेली की तो अधिक तापतो, शिवाय चढावर उरलेले डिझेल एका बाजूला सरकते आणि पंपाची जाळी उघडी पडू शकते. म्हणून दोष सापडेपर्यंत टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. त्याने थांबणे कमी झाले, तर तेही एक निदानच आहे.

गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडून पाहा. हवा आत ओढल्याचा मोठा सुस्कारा ऐकू आला, तर टाकीचा श्वासमार्ग चिखलाने बुजला आहे. दुसरी खूण अशी की, चावी ऑन करूनही पंप गप्प असेल आणि टाकीच्या तळाला हाताच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर तो सुरू होत असेल, तर पंपातले कार्बन ब्रश झिजले आहेत. मग मात्र पंप बदलण्यावाचून गत्यंतर नाही. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि काही वेळ स्थिर ठेवा. पाणी असेल तर ते खाली वेगळे बसते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या इंजिनांत हवा काढण्यासाठी इंजेक्टरच्या पाइपाचे नट सैल करण्याची आपल्याकडे सवय आहे. चालू कॉमन रेल इंजिनावर ते कधीही करू नये. तेथे हजार बारहून अधिक दाब असू शकतो आणि सुईसारखी बारीक धार कातडीतून थेट आत शिरते. तसेच डिझेलअभावी पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहू नका, कारण रेलमध्ये दाब निर्माण करणाऱ्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. तो कोरडा फिरला तर त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

निफाडचा वाहतूकदार :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. व्होल्टमीटर लावून, भावाला शेजारी बसवून गाडी नेली. इगतपुरीच्या अलीकडे चढावर गाडी दम टाकू लागली, तेव्हा आरपीएमचा काटा हळूहळू उतरत होता आणि मीटरचा आकडा त्याच्याही आधी ११ च्या खाली गेला होता. झाकण उघडल्यावर सुस्कारा आला नाही. घरी येऊन गाडी गरम असतानाच मोजले : बॅटरीवर १३.९, पंपावर १०.९, प्लसच्या बाजूचा ड्रॉप ०.५ आणि मायनसच्या बाजूचा २.५ व्होल्ट. पंपाची अर्थिंगची तार हौद्याखाली चेसिसला ज्या बोल्टने बसवली आहे, तेथे लगवर (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट थर चढला होता आणि लगजवळचे इन्सुलेशन तापून कडक झाले होते. नवा लग लावून, चेसिसचा रंग घासून तो घट्ट बसवल्यावर मायनसचा ड्रॉप ०.१ वर आला. आता काम संपले असे समजावे काय?

ऑटो इलेक्ट्रिशियन, सातपूर :

दोषाचे ठिकाण सापडले, परंतु इन्सुलेशन कडक होण्याइतका लग का तापला, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. निव्वळ गंजानेही असे होते; मात्र पंप गरजेपेक्षा जास्त करंट घेत असेल, तर नवा लगही पुढच्या उन्हाळ्यात तसाच होईल. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर पंपाच्या तारेला लावा आणि आलेला आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशी ताडून पाहा. करंट जास्त असेल, तर आधी डिझेल फिल्टर बदलून पुन्हा मोजा. पंपाच्या पुढचा फिल्टर चोंदला की पंपावरचा भार वाढतो आणि करंटही वाढतो. नव्या फिल्टरनंतरही आकडा उतरला नाही, तर पंप आतून जड फिरत आहे आणि तो बदलणे रास्त ठरेल. उलट व्होल्टेज पूर्ण असूनही करंट फारच कमी दिसला, तर पंप हवा ओढत असावा किंवा ब्रश संपत आले असावेत.

प्लसच्या बाजूचा अर्धा व्होल्टही सोडून देऊ नका. रिले काढून त्याच्या सॉकेटमधील ३० आणि ८७ क्रमांकांचे टर्मिनल ढिले किंवा काळवंडलेले आहेत का, ते पाहा. लगवर पेट्रोलियम जेली लावून ठेवा, कारण हौद्याखाली धुण्याचे पाणी आणि चिखल सतत बसतो. हे सगळे होऊन रिकामी गाडी एकदा भर दुपारी घाट चढून येईपर्यंत माल भरू नका. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकची आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, आणि भरलेली गाडी वळणावर त्या अवस्थेत सापडणे धोक्याचे आहे.

निफाडचा वाहतूकदार :

फिल्टर उद्याच बदलतो. क्लॅम्प मीटर पिंपळगावच्या एका मित्राकडे आहे. फिल्टर बदलण्याआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे येथे लिहितो.