मदत हवी आहे: बाबांचा रूट केलेला फोन आणि शुगरचं ॲप

बाबा साताऱ्याला असतात, वय ७१, इन्सुलिन चालू आहे. डॉक्टरांनी दंडावर ग्लुकोज सेन्सर लावून दिलाय. तो ब्लूटूथने फोनमधल्या ॲपला आकडे पाठवतो आणि शुगर ७०च्या खाली गेली की अलार्म वाजतो.

फोन माझा जुना. कंपनीचे अपडेट थांबले म्हणून त्यावर लिनिएज ओएस (कंपनीबाहेरच्यांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकलं होतं, मॅजिस्क या टूलने रूटही केला होता, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा मोकळा केला होता. बाबांना तसाच दिला. ॲप 'हा फोन रूट केलेला आहे' सांगून बंद व्हायचं, म्हणून मी मॅजिस्कमधली डिनायलिस्टची सोय वापरून ॲपपासून रूट लपवला. ॲप चालू झालं आणि मी निर्धास्त झालो.

मंगळवारी पहाटे आईला जाग आली तेव्हा बाबा घामाने भिजलेले, जीभ अडखळत होती. ग्लुकोमीटरवर ५२. साखरपाणी दिल्यावर सावरले. अलार्म वाजलाच नव्हता. ॲपमध्ये १:४० नंतरचा आलेख कोरा. तेव्हापासून मला झोप नाही.

त्यातच काल मॅजिस्कची यादी पाहिली तर एका टॉर्चच्या ॲपला रूटची परवानगी! बाबा समोर येईल त्याला 'अलाऊ' म्हणतात. याच फोनमध्ये आभा (सरकारी आरोग्य खात्याचं) ॲप आहे, लॅबचे सगळे रिपोर्ट आहेत. त्या टॉर्चला हे वाचता आलं असेल का? आणि नुसतं अनरूट केलं तर पुरेल का?

प्रतिसाद १

आधी बाबा ठीक आहेत ना? मंगळवारचं डॉक्टरांच्या कानावर घाला, डोस बदलावा लागेल कदाचित.

मी ॲप टेस्टिंगमध्ये आहे. अँड्रॉइडमध्ये एका ॲपचा डेटा दुसऱ्याला वाचता येत नाही, पण रूट मिळालेल्या ॲपला ती भिंत लागू नाही. त्यामुळे वाचता आलं असेल असंच धरा. टॉर्च काढा आणि बाबांच्या खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

अलार्म रूटमुळेच गेला असं इथून सांगता येणार नाही. बॅटरी वाचवायला सिस्टिमने ॲप झोपवलं असेल, ब्लूटूथ तुटलं असेल. पण 'या फोनवर माझा भरवसा धरू नका' हे ॲप सांगत होतं, ते तुम्ही लपवलंत. मला डेटापेक्षा याचीच जास्त काळजी वाटते.

अनरूट केल्यावरही बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा भाग) उघडाच राहतो. लिनिएज असताना तो लॉक करायला जाऊ नका, बहुतेक फोन मग सुरूच होत नाहीत. कंपनीची मूळ रॉम (म्हणजे मूळ सिस्टिम) टाकून लॉक करता येईल, त्यात फोन पुसला जातो, आणि सिक्युरिटी पॅच जुने ते जुनेच. त्यापेक्षा ॲपच्या कंपनीने दिलेल्या यादीतला साधा नवा फोन घ्या. तोवर रात्री ३ला गजर लावून बोटातून शुगर तपासा.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. बाबा आता बरे आहेत, डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केलाय. नवा फोन शनिवारी घेऊन जातोय, तोवर ३चा गजर आईने लावलाय. फक्त एक, चालू सेन्सरचे अजून ६ दिवस आहेत. तो मधेच नव्या फोनला जोडता येतो का, की नवा लावावा लागेल? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.