हॅलला शोक करायची परवानगीच नव्हती

एडन चेंबर्स यांच्या 'डान्स ऑन माय ग्रेव्ह'मधलं थडग्यावर नाचणं ओढूनताणून आणलेलं वाटतं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. कादंबरी १९८२ची, घडते इंग्लंडमधल्या साउथएंडला. तेव्हा तिथल्या कायद्यात दोन पुरुषांच्या संबंधांसाठी वयाची अट २१ वर्षांची होती. एकमेकांच्या प्रेमात पडलेल्या दोघा मुलांपैकी हॅल सोळाचा, बॅरी अठराचा. म्हणजे हाती आले जेमतेम सात आठवडे, आणि तेही कुणाला सांगायची सोय नाही. मग बॅरी मोटरसायकल अपघातात जातो. त्याची आई हॅललाच दोषी धरते. शेवटचं दर्शन घ्यायचं तर या पोराला मुलीचे कपडे घालून शवागारात शिरावं लागतं! तो प्रसंग वाचताना हसू येता येता घसा दाटतो. जो मागे राहील त्यानं दुसऱ्याच्या थडग्यावर नाचायचं, हा बॅरीला दिलेला शब्द, एवढंच त्याच्याकडे उरतं. तेही केलं की पोलिस धरतात.

मांडणीही बघा ना. ११७ छोटे तुकडे, मध्येच समाजसेविकेचे अहवाल, पेपरातली कात्रणं. तिच्यासमोर हॅल तोंड उघडत नाही, कागदावर मात्र भडाभडा बोलतो.

या कादंबरीवरचा फ्रान्स्वा ओझोनचा २०२०चा सिनेमा सुंदर आहे, पण तो गोष्ट १९८५च्या फ्रान्समध्ये नेतो. तिथे समलिंगी संबंधांसाठीची वेगळी वयाची अट १९८२मध्येच रद्द झाली होती, त्यामुळे कायद्याची ती टांगती तलवार जाते. म्हणून आधी पुस्तकच वाचा.