मदत हवी आहे: रेडमंडमध्ये पीसीओ (पक्षाचा वस्तीपातळीवरचा प्रतिनिधी) व्हायचंय. मेमध्ये अर्ज भरू की नेमणूक मागू?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, किंग काउंटीतल्या रेडमंडला राहते. नागरिकत्व मिळून तीन वर्षं झाली. एकही मतदान चुकवलेलं नाही, पण मतपत्रिका ड्रॉप बॉक्समध्ये टाकली की आपलं काम संपलं, असंच मानत होते.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या ४८व्या मतदारसंघातल्या, राज्याच्या सिनेटमधल्या सिनेटर पॅटी कुडरर राज्याच्या विमा आयुक्त झाल्या आणि त्यांची जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी त्यांच्या पक्षाच्या पीसीओंनी, म्हणजे प्रिसिंक्ट कमिटी ऑफिसरांनी (प्रिसिंक्ट म्हणजे मतदारसंघातला सगळ्यात लहान भाग), तीन नावं ठरवून काउंटी कौन्सिलकडे पाठवली. कौन्सिलने वंदना स्लॅटर यांना नेमलं. मग त्यांची राज्याच्या हाउसमधली (कनिष्ठ सभागृहातली) जागा रिकामी झाली, तीही याच रीतीने भरली. पुढच्या निवडणुकीपर्यंत आपला आमदार कोण, हे आमच्यासारख्याच घरांत राहणाऱ्या माणसांनी ठरवलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आता कळतंय की आमच्या प्रिसिंक्टमध्ये माझ्या पक्षाची पीसीओची जागा रिकामीच आहे. (पक्ष कोणता ते मुद्दाम लिहीत नाही, वाद नकोत.)

माझे बाबा सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी प्रत्येक निवडणुकीला बूथबाहेर टेबल टाकून बसायचे. यादीत नाव शोधायचं, चिठ्ठी लिहून द्यायची. म्हातारी माणसं पक्ष न बघता त्यांच्याकडे यायची. बाबांना कधी कुठलं पद मिळालं नाही, त्यांनी मागितलंही नाही. मला ते काम इथे करायचंय, अगदी मनापासून.

अडचणी अशा: निवडून येण्यात आणि नेमणुकीत नेमका फरक काय? नवऱ्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे, तो सोबत फिरला तर चालेल का? आणि सगळ्यात मोठी म्हणजे, मी मुळात अबोल आहे. अनोळखी दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं?

– कृष्णाकाठ

पाऊसवेडा:
ताई, अर्जच भरा. सम वर्षी मे महिन्यात उमेदवारी अर्जांचा आठवडा असतो. २०२६ मध्ये ४ ते ८ मे. ऑनलाइन भरता येतो, पीसीओसाठी शुल्क नाही. अट एवढीच की तुम्ही त्याच प्रिसिंक्टमधल्या नोंदणीकृत मतदार असायला हव्यात. तुमच्या पक्षाचा दुसरा कोणी उभा राहिला नाही तर नाव मतपत्रिकेवर येतच नाही, तुम्ही निवडून आल्यात असं धरतात. दुसरा उभा राहिला तर ऑगस्टच्या प्रायमरीत (प्राथमिक निवडणुकीत) मतदान होतं. मुदत दोन वर्षांची, १ डिसेंबरपासून.

नेमणूक पक्षाचे काउंटी अध्यक्ष करतात, आणि किंग काउंटीत त्यासाठी पक्षाच्या मतदारसंघ अध्यक्षांची शिफारस लागते. नेमलेल्या माणसालाही घरोघरी फिरण्याचं काम तेवढंच असतं. पण नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर ४५ दिवसांत मतदारसंघाचा अध्यक्ष निवडायची जी सभा होते, ती निवडून आलेल्या पीसीओंची असते. मताला वजन हवं असेल तर मे चुकवू नका. तोवर हंगामी नेमणूक मागायलाही हरकत नाही.

एक लक्षात ठेवा. या राज्यात मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही, पण हा अर्ज भरला की तुमचा पक्ष जगजाहीर होतो. घरात आधी बोलून घ्या.

बॉथेलची काकू:
अगं, मी सहा वर्षं करतेय. नवऱ्याला खुशाल घेऊन जा. ग्रीन कार्डवाल्याला मत देता येत नाही, पीसीओ होता येत नाही. बिनपगारी मदत मात्र करता येते.

पहिलं वाक्य म्हणजे आपलं नाव आणि आपला रस्ता. "मी इथेच, त्या कोपऱ्यावर राहते." उच्चारांची काळजी करू नकोस. शेजारीण म्हटल्यावर बहुतेक माणसं दोन मिनिटं थांबतात. मग मतं मागत बसू नकोस, विचार की मतपत्रिका पोचली का. त्या निवडणुकीच्या निदान १८ दिवस आधी टपालात पडतात आणि न मिळालेली माणसं निघतातच. घरी कोणी नसेल तर पत्रक दाराच्या मुठीला अडकव. घराच्या टपालपेटीत टाकायचं नाही, कायद्याने बंदी आहे.

आपल्या लोकांत खरी गरज सहीची आहे. नुकतंच नागरिकत्व मिळालेले आजी-आजोबा नोंदणीला एक सही करतात आणि मतपत्रिकेच्या पाकिटावर दुसरी, कधी थेट मराठीत. सही जुळली नाही की निवडणूक कार्यालयाचं पत्र येतं. त्यांना ती जाहिरात वाटते, पत्र रद्दीत जातं आणि मत मोजलंच जात नाही. निकाल प्रमाणित होण्याआधी फॉर्म भरून दिला तर ते मत वाचतं. गेल्या खेपेला एका आजींच्या स्वयंपाकघरात बसून मी तो फॉर्म भरून घेतला. त्यांनी चहा केला, मीही घाई केली नाही.

कृष्णाकाठ:
दोघांचे मनापासून आभार. मेमध्येच अर्ज भरते. काल बाबांशी फोनवर बोलले. त्यांनी एकच विचारलं, यादीत किती नावं आहेत? मला सांगता आलं नाही. पाऊसवेडा, प्रिसिंक्टची मतदार यादी मतदारसंघाच्या अध्यक्षांकडे मागायची का? आणि काकू, येत्या रविवारी तुमच्याबरोबर दोन रस्ते फिरायला येऊ का? मी नुसती ऐकेन.