‘मच अफ्रेड’ : रविवारच्या श्रवणानंतर ग्रुपवर झालेली चर्चा

ए-२०३, काका : नमस्कार. काल क्लबहाउसमध्ये आपण जार्स ऑफ क्ले या अमेरिकी ख्रिस्ती पॉप-रॉक बँडचा दुसरा अल्बम ‘मच अफ्रेड’ ऐकला आणि जिना उतरता उतरता ‘पहिल्यापुढे फिका’ असा शेरा कानावर आला. १९९७ मध्ये हा अल्बम आला तेव्हाही त्याला याच तुलनेला तोंड द्यावे लागले होते, म्हणून शेरा मारणाऱ्यांनी आपले म्हणणे जरा सविस्तर मांडावे, अशी विनंती.

सी-५०१ : काका, तो शेरा माझाच होता. १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये अकूस्टिक गिटार, तंतुवाद्ये, तालाचे लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) आणि ग्रेगोरियन, म्हणजे जुन्या चर्चगायनाच्या धर्तीचे समूहगान यांचा जो अनपेक्षित मेळ जमला होता, तो येथे गुळगुळीत झाला आहे. त्यातले ‘फ्लड’ हे गाणे धार्मिक नसलेल्या रेडिओवरही वाजले आणि अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या हॉट १०० या गाण्यांच्या यादीत ३७ व्या क्रमांकापर्यंत गेले. दुसऱ्या अल्बममधले एकही गाणे तिथवर पोहोचले नाही.

ए-२०३, काका : गाणे पोहोचले नाही, पण अल्बम बिलबोर्ड २०० या अल्बमच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेला आणि १९९८ मध्ये पॉप-समकालीन गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीत) विभागाचे ग्रॅमीही त्याला मिळाले. अर्थात, पारितोषिकाने गाणे चांगले ठरत नाही, हे मला मान्य आहे. गुळगुळीतपणा म्हणाल, तर निर्माता स्टीफन लिप्सन हे गायिका अ‍ॅनी लेनक्स यांच्या ‘दीवा’ या अल्बमचेही निर्माते; त्यांच्या हाताखाली ध्वनी घोटीव होणारच.

डी-१०२, ताई : काका, मला वेगळेच म्हणायचे आहे. अल्बमचे नाव हॅना हरनार्ड यांच्या रूपककथेतल्या नायिकेवरून घेतले आहे. ही पायाने अधू, भित्री मुलगी मेंढपाळाच्या सांगण्यावरून उंच शिखरांकडे निघते. बँडचे नावही बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या मातीच्या भांड्यांवरून आलेले. ज्यांनी भंगुरपणाच विषय म्हणून निवडला, त्यांच्याकडे ‘फ्लड’सारख्या गडगडाटाची मागणी करणे मला अन्यायाचे वाटते. ‘फ्रेल’ (नाजूक) हे जवळपास सात मिनिटांचे गाणे घाई न करता उलगडत जाते, आणि काल नेमके त्याच वेळी कोणीतरी चहाच्या कपांचा ट्रे आणला. शेवटच्या ‘हिम’ (स्तोत्र) या गाण्यामध्ये देवाला पाठलाग करणारा प्रियकर म्हणून हाक मारली आहे. आमच्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग गायले जातात, त्यामुळे ही जवळीक मला परकी वाटली नाही.

सी-५०१ : ताई, शीर्षकाची ही बाजू मला ठाऊक नव्हती. तरीही हेतू नाजूक असला म्हणून रचना सैल असलेली चालते, असे नाही. ‘क्रेझी टाइम्स’ रेडिओसाठी बेतल्यासारखे वाटते आणि शेजारच्या गाण्यांत मिसळत नाही.

डी-१०२, ताई : त्या एका गाण्याबाबत मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

ए-२०३, काका : डाव्या स्पीकरची वायर सैल होती, हेही नमूद करतो, तंतुवाद्ये निम्मीच ऐकू येत होती. पुढच्या रविवारी ‘फ्रेल’ आणि ‘हिम’ पुन्हा लावू या, आणि चहा नंतर घेऊ.

सी-५०१ : ही दोन गाणी ऐकेपर्यंत ‘फिका’ हा शब्द मागे घेतो. ‘क्रेझी टाइम्स’बद्दलचे मत मात्र कायम.