मुंबई–लंडन : जाताना वेळ जास्त का लागतो?

प्रश्न : नमस्कार. माझी आई इंदूरहून मुंबईमार्गे प्रथमच लंडनला निघाली आहे. अंतर दोन्ही वेळा सुमारे 7,200 किलोमीटरच असताना परतीचा प्रवास कमी वेळाचा दाखवतात, तो कशामुळे?

उत्तर : ताई, हा वाऱ्याचा परिणाम आहे. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. ते जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. शिवाय हे अंतर गोलावरच्या सर्वांत जवळच्या मार्गाचे आहे. मुलीच्या पृथ्वीगोलावर मी दोरा ताणून पाहिला, तेव्हा तो कॅस्पियन समुद्रावरून गेला. प्रत्यक्षात बंद हवाई हद्दी टाळताना विमानाला वळसा पडतो, म्हणून अंतराला वेगाने भागून काढलेली वेळ जुळत नाही.

दुसरे उत्तर : तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नका. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. मी तीच वजाबाकी करत होते. आईचे घड्याळ आता उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवायला सांगते.