पु. लं.च्या दातृत्वाला त्यांच्या कारकिर्दीच्या मूल्यमापनात स्थान असावे का?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

दर वर्षी 8 नोव्हेंबर आणि 12 जून या जन्मदिनी आणि स्मृतिदिनी पु. ल. देशपांडे यांच्यावर भरपूर लिहिले जाते. त्यातील बहुतेक मजकूर कोट्या, किस्से आणि 'व्यक्ति आणि वल्ली'मधील उताऱ्यांनी भरलेला असतो, आणि पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या कामाची बोळवण शेवटच्या परिच्छेदातील अर्ध्या वाक्यात होते. हा क्रमच मला चुकीचा वाटतो. दातृत्व ही त्यांच्या कारकिर्दीला जोडलेली पुरवणी नव्हती; साठच्या दशकापासून पुढे त्या कारकिर्दीची दिशाच त्याने ठरवली.

'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग आठवून पाहा. एक माणूस, जवळजवळ रिकामा रंगमंच, आणि त्यावर आवाज, मान व खांदे यांच्या बळावर उभे राहिलेले सगळे चाळकरी. शेवटी 'चिंतन' सुरू झाले की मघापर्यंत खदखदणारे सभागृह गप्प होत असे. 'वाऱ्यावरची वरात'लाही तशीच गर्दी लोटत असे. तिकीटखिडकीवर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागत असताना त्यांनी हे प्रयोग थांबवले. व्यावसायिक नाट्यनिर्मात्याने असा निर्णय घेतला असता, तर त्याला लोकांनी खुळ्यात काढले असते. प्रयोगांतून आणि पुस्तकांतून आलेला पैसा मात्र फाउंडेशनमार्फत रुग्णसेवा, शिक्षण, विज्ञान आणि नाट्यकला अशा कामांकडे वळत राहिला.

लेखक अनिल अवचटांचे गर्द या अमली पदार्थावरील लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई या पती-पत्नींनी एक लाख रुपये देऊ केले आणि त्यातून 1986 मध्ये पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुलांसाठीच्या विज्ञान शोधिकेमागेही याच फाउंडेशनची देणगी आहे. ज्या विनोदाने हे सारे शक्य केले, त्या विनोदाचे मूल्यमापन केवळ शब्दचमत्कृतीवर करणे अपुरे आहे.

उंबरठा

पूर्णतः असहमत. देणग्यांविषयी मला आदरच आहे, परंतु लेखकाचे मोठेपण त्याने दिलेल्या रकमेवरून ठरू लागले, तर तो साहित्यविचाराचा शेवट होय. 'तुझे आहे तुजपाशी' 1957 मध्ये जेवढे चांगले नाटक होते, तेवढेच ते आजही आहे. त्यात मुक्तांगणामुळे तसूभरही भर पडत नाही.

या दातृत्वाचा एक तोटाही आपण मान्य केला पाहिजे. पु. लं.वर कोणी टीकेचा ब्र काढला, तर 'त्यांनी समाजाला किती दिले, ठाऊक आहे का?' असा प्रश्न लगेच अंगावर येतो आणि चर्चा तिथेच आटोपते. त्यामुळे काही सरळ प्रश्न विचारायचेच राहून गेले आहेत. त्यांचे बरेचसे विश्व गिरगाव, पार्ले आणि पुणे येथील पांढरपेशा घरांच्या ओसरीवरच का थांबते? एवढी निरीक्षणशक्ती लाभलेल्या लेखकाने स्वतंत्र कादंबरी का लिहिली नाही? 'अंमलदार' गोगोलवरून, 'ती फुलराणी' शॉवरून, 'तीन पैशाचा तमाशा' ब्रेख्तवरून. रूपांतरकार म्हणून त्यांचे कसब वादातीत आहे, पण स्वतःचे असे नाटक 'तुझे आहे तुजपाशी'नंतर त्या ताकदीने आले नाही. आकाशवाणी, दूरदर्शन, चित्रपट, संगीत, सभा, संस्था आणि देणग्या यांत त्यांची शक्ती विखुरली, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना पार

ओसरीचा मुद्दा मला पटत नाही. 'व्यक्ति आणि वल्ली'मधला रत्नागिरीचा अंतू बर्वा पांढरपेशा घराच्या ओसरीवर बसलेला नाही. गावात वीज आली, तरी त्याला आपल्या घरात ती नको आहे, कारण त्या उजेडात दिसणार काय, तर भिंतींचे पोपडे आणि गळकी कौले. आपले दारिद्र्य काळोखात आहे तेच बरे, असे तो हसत हसत सांगतो. हे वाचून आधी हसू येते आणि मग आपण कशाला हसलो याची लाज वाटते. इतक्या थोड्या शब्दांत कोकणातील म्हाताऱ्या माणसांचे एकटेपण आणि दैन्य कोणत्या गंभीर कादंबरीने सांगितले आहे, ते उंबरठा यांनी दाखवून द्यावे.

लग्नघरात सगळ्यांसाठी राबणाऱ्या आणि नंतर कोणाच्या लक्षातही न राहणाऱ्या 'नारायण'ला ज्याने इतक्या मायेने टिपले, तो लेखक पुढे न गाजणाऱ्या कामांच्या पाठीशी उभा राहिला, यात मला सातत्य दिसते. लेखन आणि दान हे एकाच नजरेचे दोन परिणाम आहेत. म्हणून धागाकर्त्यांशी सहमत.

कडक चहा

विभूतिपूजा नको म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन कादंबरी का लिहिली नाही, असे विचारणे म्हणजे भीमसेन जोशींनी सतार का वाजवली नाही, असे विचारण्यासारखे आहे. बाकी चालू द्या.

हिशेबाची वही

या साऱ्या चर्चेत सुनीताबाईंचे नाव एकदाच, आणि तेही 'पु. ल. आणि' या शब्दांच्या मागे आले आहे. हे दातृत्व ज्या शिस्तीवर उभे होते, ती शिस्त प्रामुख्याने त्यांची होती. प्रयोगांचे व्यवस्थापन, प्रकाशकांशी व्यवहार, परवानगीशिवाय कोणी प्रयोग केला तर त्याची न संकोचता केलेली विचारणा, या सगळ्याबद्दल लोकांनी त्यांना कठोर म्हटले, आणि त्याच वेळी त्या पैशातून झालेल्या दानाचे श्रेय पु. लं.च्या मोकळ्याढाकळ्या स्वभावाला दिले. पैसा वसूल करणारी व्यक्ती खाष्ट आणि तो वाटणारी व्यक्ती दिलदार, ही वाटणी फार सोयीची आहे. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली, 1990 मध्ये 'आहे मनोहर तरी'सारखे निर्भीड आत्मकथन लिहिणारी ही बाई निव्वळ खजिनदार खचितच नव्हती. पु. लं.च्या निधनानंतरही 2009 पर्यंत त्यांनी हे काम चालू ठेवले.

तेव्हा दातृत्व मूल्यमापनात घ्यायचे असेल, तर ते एकट्या पु. लं.च्या नावावर जमा करता येणार नाही, आणि घ्यायचे नसेल, तर मग रंगभूमीवरील यशातूनही सुनीताबाईंचा वाटा वगळावा लागेल. उंबरठा आणि तिसरी घंटा या दोघांनाही हे अडचणीचे ठरेल, असे मला वाटते.

तिसरी घंटा

सुनीताबाईंविषयीचा आक्षेप रास्त आहे आणि तो माझ्या मुद्द्याला बळच देतो, कारण ही कारकीर्द दोघांनी मिळून आखली होती, असे त्यातून दिसते.

शक्ती विखुरली, हा आरोप मात्र मला मान्य नाही. पन्नाशीच्या आसपास हा माणूस बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहतो. आणीबाणीनंतर 1977 च्या निवडणुकीत गावोगावी सभा घेतो आणि जनता पक्ष जिंकल्यावर कोणतेही पद न मागता घरी परततो. जयप्रकाश नारायणांच्या तुरुंगातील दैनंदिनीचा मराठी अनुवाद करतो. 1996 मध्ये पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाल्यावर तो देणाऱ्या सरकारबद्दल खटकलेले जाहीरपणे बोलून दाखवतो आणि बाळासाहेब ठाकरे यांचा रोष पत्करतो. विनोदावर मिळालेली पत कुठे खर्च करायची, हे नेमके ठाऊक असलेल्या माणसाचे हे वागणे आहे.

उंबरठा

नागरिक म्हणून ते मोठे होते, याविषयी वाद नव्हताच. आपण पुन्हा नागरिकाबद्दल बोलत आहात आणि मी लेखकाबद्दल विचारतो आहे. अंतू बर्व्याबाबत जुना पार यांचे म्हणणे मला मान्य आहे. ते व्यक्तिचित्र मराठीतील सर्वोत्कृष्ट लेखनात मोडते. परंतु 'तीन पैशाचा तमाशा' 1978 चा. त्यानंतर त्यांना बावीस वर्षांचे आयुष्य लाभले आणि कंपवाताच्या आजाराने त्यांतील अखेरचीच काही वर्षे हिरावली. त्या काळात नवे, मोठे असे काय आले?

जुना पार

1992 मधील 'एक होता विदूषक' आपण विसरलात. पटकथा पु. लं.ची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे आणि मुख्य भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांची. तमाशाच्या बोर्डावरून वर आलेला सोंगाड्या लोकप्रिय होतो आणि त्याची लोकप्रियता राजकारणी मंडळी वापरून घेतात, अशी ती कथा आहे. एकदा स्वतः प्रचाराच्या व्यासपीठावर उभे राहिलेल्या विनोदकाराने पंधरा वर्षांनी ती लिहिली आहे. त्यात हशा कमी आहे, आणि बेर्डे यांचे नाव पाहून गेलेल्या प्रेक्षकाला तो चित्रपट बहुधा त्यामुळेच जड गेला असावा. लेखक आणि नागरिक वेगळे काढण्याचा आपला आग्रह या एका पटकथेपुरता तरी टिकतो का, ते ती पुन्हा पाहून सांगावे.